पत्रा टाकणार नाही म्हणजे नाही!

...नाही, मी म्हणते, घर माझं, गच्ची माझी, गळतंय माझ्या पलंगावर, फोन करून बोलावलं मी, आणि दारात आलेला प्रत्येक बाप्या पहिला प्रश्न काय विचारतो? "साहेब आहेत का घरी?" अहो, आहेत! आत पेपर वाचतायत! पण साहेबांना विचाराल ना कुठं गळतंय, तर चष्मा वर करून म्हणतील, "आपल्याकडं गळतंय?" कारण पलंगाच्या ज्या बाजूला गळतं त्या बाजूला झोपते कोण? मी! साहेबांची बाजू कोरडी ठणठणीत! सबंध पावसाळा मी उशाशी पातेलं घेऊन झोपले, आणि टपकन थेंब पडला की हे झोपेतच म्हणायचे, "श्यामला, नळ बंद कर."

बसा हो, चहा होतोय तोवर ऐका. तुम्हाला सांगते, प्रश्न गळण्याचा नव्हताच, प्रश्न होता पत्र्याचा. नाशिकरोडला घर गळतं म्हटलं की सगळ्यांकडं एकच औषध. गच्चीवर पत्रा टाका! भाजीवाल्याला सांगा, म्हणेल पत्रा टाका. डॉक्टरकडं गुडघा दाखवायला गेले, गुडघा राहिला बाजूला, म्हणाले, "ओलीनं दुखतोय, पत्रा टाका." आमचा अथर्व पुण्यात बसून, घरी येतो दिवाळीला, तोही फोनवर, "आई, हट्ट सोड, सगळे टाकतात पत्रा." अरे, सगळे टाकतात म्हणून? गच्चीवर जाऊन बघा एकदा, जेलरोडपर्यंत नुसते पत्रे, निळे नि लाल, आणि मधे माझी एकटीची गच्ची आभाळाला तोंड करून उभी. मी सगळ्यांना सांगितलं, पत्रा टाकणार नाही म्हणजे नाही!

का नाही? सांगते ना. हे नोटांच्या प्रेसमध्ये होते, सगळा संसार क्वार्टरमध्ये, तोही तळमजल्यावर. वरच्या बाई पहाटे खलबत्ता घ्यायच्या, दुपारी पलंग सरकवायच्या, आणि त्यांच्या मुलाला नेमकी लेझीमची हौस! माझं लग्न झालं, मुलगा झाला, मुलाचं लग्न ठरलं, तरी डोक्यावर धाडधाड चालूच. आणि नुसतं छताचं नाही हो. डोक्यावर सासूबाई, डोक्यावर मोठ्या जाऊबाई, कुणी ना कुणी बसलेलंच. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, घर बांधीन तर असं, की माझ्या डोक्यावर आभाळाशिवाय कुणी नसेल. ती ही गच्ची. उन्हाळ्यात इथं माझ्या कुरडया वाळतात, संध्याकाळी खुर्ची टाकून बसते, लांबवर पांडवलेण्याचा डोंगर दिसतो, आणि वर कुणी म्हणजे कुणी नाही. त्या आभाळाला मी पत्रा लावू? स्वतःच्या हातानं? मला रडू येतं नुसत्या विचारानं, खरंच सांगते.

तर पहिले आले नाथा मिस्त्री, इगतपुरीकडचे. साहेबांची चौकशी झाली, मग गच्चीवर गेले, उकिडवे बसले, हातोडीच्या दांड्यानं स्लॅब ठोकला, कान लावला, डॉक्टर छाती तपासतात तसा, आणि म्हणाले, "ताई, आधी कोणी केलं व्हतं हे काम?" म्हटलं, कुणीच नाही. तर म्हणाले, "तरीच!" आता बोला! म्हणे, "आमच्याकडं लय पाऊस, नुसतं धो धो, पण मी केलेला कोबा? थेंब नाय गळत. विटांचे तुकडे लावून कोबा करतो, वर पाणी भरून ठिवायचं, आठवडाभर डबकं करायचं, मग बघा." केलं. सगळी गच्ची तळं करून ठेवली. शेजारच्या भागीबाई विचारायला आल्या, बदकं पाळणार का म्हणून.

आणि बरं का, या गच्चीच्या मधोमध ह्यांचा एक पाइप आहे, तो लक्षात ठेवा. पाडव्याच्या गुढीचा पाइप! त्याचं असं झालं, आम्ही आधी गुढी कठड्याला बांधायचो, ती झुकायची भागीबाईंच्या अंगणाकडं, आणि भागीबाई दरवर्षी हात जोडून म्हणायच्या, "तुमची लक्ष्मी आमच्याकडं निघाली हो!" चेष्टाच ती, पण ह्यांच्या मनाला लागली. मी इगतपुरीला बहिणीकडं गेले ती संधी साधून ह्यांनी एका प्लंबरला धरला, स्लॅबला भोक पाडलं, त्यात पाइप रोवला, वरचं तोंड उघडं, काठी घातली की गुढी सरळ सोट उभी! मी परत आले तर हे अभिमानानं दाखवतायत, "बघ, आता कुठं जाते लक्ष्मी!" आणि पाडवा झाला, गुढी उतरली, तरी ह्यांचं रोजचं सुरूच. अंघोळ, पूजा, मग गच्चीवर जाऊन पाइपाला हळदकुंकू. म्हटलं, अहो, गुढी गेली, आता पाइपाला कसलं हळदकुंकू? तर म्हणे, "स्थान आहे ते." रिटायर्ड माणूस, त्यालाही कुठंतरी हजेरी लावावीशी वाटते.

तर नाथा मिस्त्रींनी कोबा केला आणि त्या पाइपाभोवती असं छान गोल सोडलं. म्हटलं, इथं का नाही केलं? तर जीभ चावून म्हणाले, "देवाचं हाय ना ते! आपण हात नाय लावला." मला वाटलं, किती श्रद्धाळू माणूस! पाऊस आला. गळलं. माझ्याच उशाशी! फोन केला तर म्हणाले, "ताई, कोबा एक नंबर झालाय, तुमचा पाऊसच तिरका हाय. पत्रा टाका."

मग आला रविराज. हा शिकलेला. पायात बूट, हातात टॅब, आणि एक यंत्र, ते भिंतीला लावलं की पींऽऽ वाजतं. "सर आहेत का आंटी?" म्हटलं, सर आहेत, पण गळतं आंटीवर. वर गेला, यंत्र लावलं, पींऽऽ! "आधी कुणी केलंय हे?" मी म्हटलं, आता मात्र आहे नाव, नाथा मिस्त्री! त्याला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! "बघा, हे लोक अशीच वाट लावतात. आंटी, ही जुनी मेथड. आपण केमिकल मारू, मेंब्रेन बसवू, वर चंद्रावरसुद्धा गळणार नाही." अरे बाबा, चंद्रावर पाऊस तरी पडतो का? मग खाली आला, छतावरचा डाग बघितला. पिवळा-तांबडा डाग, आणि रविराजचा चेहरा असा पडला, जसं कुणी गेलंच. "आंटी... हा गंज आहे. आतली सळई गंजलीय. अख्खा स्लॅब डेंजरमध्ये आहे. सरांना बोलवा." सर आले, बघितलं, म्हणाले, "अरे, आपल्याकडं गळतंय?"

तुम्हाला सांगते, पावसाचं पाणी मी पातेल्यात धरीन, पण घरच पडलं तर? ज्या आभाळासाठी भांडतेय तेच आभाळ स्लॅबसकट अंगावर यायचं! रविराजनं पांढरंशुभ्र केमिकल मारलं, सगळी गच्ची चकचकीत, आणि पाइपाशी आल्यावर बूट काढले, नमस्कार केला, आणि भोवतीनं गोल सोडून दिलं. यंत्रवाला, टॅबवाला, चंद्रावरचा माणूस! "देवाचं आहे ना, आंटी. रिस्क नको." पाऊस आला. गळलं. रविराजचा मेसेज आला, "आंटी, बेस्ट सोल्यूशन म्हणजे पत्रा."

आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता तिसरा हजर. गोटीराम पत्रावाला! कुणी पाठवला देव जाणे. ह्याच्या पत्र्यांवर सगळा देवळा तालुका झाकलेला. "साहेब हायेत का? बरं, ऱ्हाऊ द्या. मावशी, देवळ्याच्या निम्म्या कांद्याच्या चाळी आपल्या हातच्या. आजवर एक कांदा नाय भिजला." मी म्हटलं, मी कांदा आहे का? तर हसून म्हणतो, "मावशी, पत्र्याशिवाय भागायचं नाय. आज ना उद्या तुमीच फोन कराल, लिहून ठिवा." अस्सा संताप आला! कमरेला पदर खोचला नि म्हटलं, गोटीराम, छत पडेल, मी पडेन, पण या गच्चीवर पत्रा टाकणार नाही म्हणजे नाही! "बरं," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

आता ऐका. संतापात मी उशीचा अभ्रा धुवायला घेतला. त्यावर तो थेंबाचा डाग, पिवळा, रविराजचा गंज. साबण लावला, घासला, आणि डाग झाला लालभडक! मी बघतच राहिले. अहो, साबणानं लाल काय होतं? गंज होतो का कधी? हळद होते! ह्या घरात मसाल्याच्या हातानं किती पदर खराब केलेत मी, मला कळत नाही होय? यंत्र पींऽऽ करून जे सांगू शकलं नाही ते साबणाच्या वडीनं सांगितलं. तशीच ओल्या हातानं छत्री न घेता भर पावसात गच्चीवर गेले. पाइपाचं उघडं तोंड आभाळाकडं, पाऊस सरळ आत, वर ह्यांची हळद, ह्यांचं कुंकू, सगळं मिसळून थेट माझ्या उशीवर! म्हणजे सबंध पावसाळा हे गुढीच्या जागेला हळदकुंकू वाहत होते आणि ते लागत होतं मला!

हाक मारली, "अहो! वर या!" आले. दाखवलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता हा पाइप उपटायचा. आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्यासमोर ताठ उभे राहिले, पावसात भिजत. "श्यामला, पाइप निघणार नाही. क्वार्टरमध्ये आपली गुढी खिडकीच्या गजाला बांधली, कायम आडवी. कठड्यावर वाकडी. इथं पहिल्यांदा सरळ उभी राहिली. निघणार नाही म्हणजे नाही." म्हणजे मला जसं आभाळ, तशी ह्यांना गुढी! आणि कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडात! म्हटलं, बरं, राहू दे. मग तोंडाला टोपण तरी घाला. प्लास्टिकचं लावलं, उन्हानं तडकलं. बाटलीचं लावलं, माकडानं नेलं. शेवटी काय करणार? फोन कुणाला केला असेल?

गोटीराम आला. साहेबांची चौकशी केली, टेप काढली, अगदी गंभीर चेहऱ्यानं मापं घेतली, आणि वीतभर पत्र्याची टोपी करून पाइपावर बसवली, पाडव्याला काढता येईल अशी. पाइपाच्या बुडाशी फटीला डांबर भरलं. नमस्कार केला. जरासुद्धा हसला नाही, पण जाताना कठड्याला बोर्ड बांधून गेला, 'गोटीराम पत्रे, सर्व प्रकारचे', बोर्ड केवढा, तर टोपीच्या दसपट! झालं, गल्लीत दवंडी, श्यामलाताईंनी टाकला बरं का पत्रा! भागीबाई पेढे मागायला आल्या. मी म्हटलं, वीतभर आहे हो, वीतभर! तर म्हणाल्या, "पत्रा तो पत्राच."

पण गळत नाही! थेंब नाही! माझं आभाळ अख्खंच्या अख्खं जागेवर आहे. म्हटलं, पाऊस सरला की ही टोपी काढून फेकते, बोर्डासकट. गेल्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून पक्कड घेऊन वर गेले... आणि बघते तर काय, ह्यांनी त्या पत्र्यालाही हळदकुंकू वाहिलेलं! आता लावा हात! मी, पत्रा टाकणार नाही म्हणजे नाही म्हणणारी मी, आता रोज सकाळी पत्र्याला नमस्कार करते, आणि मग पापड वाळत घालते.