व्हरांड्यातला धंदा

(पिपलानी, भोपाळ. कारखान्याच्या शाळेची स्टाफरूम. दुपार.)

मनोरमा : नाही बाई, चहा नको. मी चहा प्यायला नाही आली. तुम्ही फक्त ह्यांना सांगा, की ते सगळं परीक्षेपुरतं असते.

नलिनी : बसा तरी, मनोरमाताई. काय परीक्षेपुरतं?

मनोरमा : तुमचं अर्थशास्त्र. उद्योजक व्हा, जोखीम घ्या. ही कांचन घरी मोठ्यानं धडे वाचते आणि हिचा बाप समोर बसून ऐकतो. काल त्यांनी व्हीआरएसचा फॉर्म भरून दिला.

नलिनी : विश्वनाथरावांनी? नोकरी सोडताहेत?

मनोरमा : मला आज सांगून राहिले, डबा भरताना. कारखान्याचा संध्याकाळचा हूटर वाजेस्तोवर फॉर्म परत घेता येतो. मग नाही. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, दवाखाना गेला. सासूबाईंची औषधं तिथूनच येतात.

कांचन : मॅडम, आईचं ऐकू नका. पप्पांनी सोच-समझके केलंय. अयोध्या नगरमध्ये दुकान बघितलंय, कूलर-मोटरचं. आपल्या प्रोजेक्टसारखंच, बस बड़े लेवल पर.

मनोरमा : तू गप बस.

नलिनी : ताई, खरं सांगू? मला थोडा अभिमानच वाटतोय. इतकी वर्षं शिकवतेय. मुलं पाठ करतात, पेपर लिहितात, विसरतात. पहिल्यांदा कोणीतरी...

मनोरमा : साहेबांनी भरला का फॉर्म?

नलिनी : कोणी?

मनोरमा : तुमच्या घरच्या साहेबांनी. कारखान्यात फॉर्म तर सगळ्यांनाच वाटले होते.

नलिनी : नाही.

मनोरमा : काहून?

नलिनी : आमच्याकडे तो विषयच निघाला नाही.

मनोरमा : लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं मी नाही बोलत.

कांचन : आई! मॅडमशी कशी बोलतेस!

नलिनी : बोलू दे त्यांना. पण ताई, प्रोजेक्ट काही खोटा नव्हता. उन्हाळाभर हिनं आणि विश्वनाथरावांनी क्वार्टरच्या व्हरांड्यात कूलरच्या मोटरी दुरुस्त केल्या. नफा झाला. मी स्वतः हिशेब तपासला, पैकीच्या पैकी गुण दिले.

मनोरमा : तेच तर धरून बसलेत. मी काही बोलली की म्हणतात, बाईंनी पैकीच्या पैकी दिले, तुला काय कळते?

नलिनी : कांचन, त्या दुकानाचं भाडं काय सांगतोय मालक?

कांचन : पता नहीं. ठीकठाकच असेल.

नलिनी : प्रोजेक्टमध्ये भाडं काय धरलं होतंस?

कांचन : भाडं कसलं? व्हरांडा तो अपना ही था.

नलिनी : आणि वीज?

कांचन : क्वार्टरची वीज तो आती ही है ना, मॅडम.

नलिनी : वडिलांची मजुरी?

कांचन : पप्पांना मी मजुरी देणार? काय झालं? असं का बघताय?

नलिनी : म्हणजे खर्चात फक्त तांब्याची तार.

कांचन : और बेअरिंग. तुम्हीच तर चेक केलं होतं.

नलिनी : हो, मीच. लाल पेन हातात होतं आणि मला दिसलं नाही. मीही क्वार्टरमध्येच राहते ना. जागेचं भाडं द्यावं लागतं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

कांचन : म्हणजे हमको प्रॉफिट नहीं हुआ था?

नलिनी : सगळं धरलं तर नाही. तोटाच झाला होता.

मनोरमा : अरे देवा.

कांचन : तुम्ही प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या! पप्पा पीछे खड़े थे. ड्युटी छोड़के आले होते!

नलिनी : माहीत आहे. मला लाज वाटतेय, कांचन.

मनोरमा : मग चला ना बाई. माझं नाही ऐकत ते. तुमचं ऐकतील.

कांचन : नको! मॅडम, मत बताइए. दुकान चालेल. थोडं जास्त काम करू. पप्पा आजकल घरी आले की गाणं म्हणतात, मालूम है? पहले तो आते ही भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

नलिनी : चालेलही. त्यांच्या हातात कला आहे. पण भाडं, वीज सगळं धरून त्यांना ठरवू दे. माझ्या चुकलेल्या मार्कांवर नको. मी स्कूटर काढते.

मनोरमा : ह्या वेळी कारखान्याच्या गेटबाहेर चहाला येतात ते.

कांचन : मी नाही येणार. मला त्यांचं तोंड नाही बघवणार.

नलिनी : नको येऊस. मीच दिलेले मार्क आहेत, मीच सांगते.

मनोरमा : बाई...

नलिनी : चला, ताई. हूटर व्हायच्या आत गाठायला हवं.

मनोरमा : तिथे चार माणसं असतात त्यांच्यासोबत. बाजूला घेऊन सांगा.

नलिनी : हो.

मनोरमा : आणि हिशेब चुकला, एवढंच सांगा. तुम्हाला जमणार नाही, असं नका म्हणू.