दोन गावांच्या आत्या

(नारायण पेठेतलं घर. श्यामला आणि दिगंबर फोनसमोर. पडद्यावर त्यांची मुलगी अस्मिता, अमेरिकेत आयोवातल्या एका शेतकरी कौंटीतून.)

दिगंबर : पण पत्रिकेत ‘काहीही आणू नये’ असं छापलंसच कशाला?

अस्मिता : बाबा, आपल्याकडे छापतात ना, ‘कृपया आहेर आणू नये’. मी तेच इंग्रजीत केलं. इथे कुणाकडेही जाताना एक पदार्थ करून न्यायची पूर्वापार रीत आहे. आणू नका म्हटलं की लोकांना वाटतं, येऊच नका.

श्यामला : म्हणजे बारशाला बोलावलंस की नको म्हणालीस?

अस्मिता : दोन्ही झालं. हॉल रिकामा आहे, आई. वेळ होऊन गेली.

दिगंबर : पुण्यात निदान नुसतं जेवायला तरी येतात.

श्यामला : अहो, गप्प बसा जरा.

अस्मिता : शिवाय दोन्ही गावांना बोलावलं. तेही चुकलंच.

श्यामला : कुठली दोन गावं?

अस्मिता : कौंटी म्हणजे आपला तालुकाच समज. नदीच्या वर नॉर्वेहून आलेले, खाली जर्मन. कचेरी कुठल्या गावात असावी, यावरून यांचे पणजोबा भांडले. वरच्यांनी घोडागाड्या आणून खालच्या गावातली कचेरी उचलून नेली, कपाटांसकट. तेव्हापासून एका टेबलावर जेवत नाहीत.

दिगंबर : कपाटांसकट? पेठांत आम्ही नुसतं बोलणं सोडतो.

अस्मिता : पण गाई दोन्हीकडच्या मीच तपासते. म्हणून वाटलं, माझ्या लेकीच्या बारशाला तरी येतील.

दिगंबर : अस्मिता, गुरांची डॉक्टरच व्हायचं होतं, तर लोणी काळभोरला गोठे कमी नव्हते. तिथे तुझं कोण आहे? जावईबापूंना सांग, बाळाला घेऊन परत या.

अस्मिता : बाबा, आज नका ना तसं म्हणू. रडू येईल मला.

श्यामला : बारशाला रडायचं नाही. शौनकला बहीण नाही, तर आत्यावाचून करू. पाळणा मी इथून म्हणते.

अस्मिता : थांब आई, शौनक हाका मारतोय. दारात गाड्या आल्यात. बघ, कॅमेरा फिरवते.

श्यामला : अगं, या तर वळणापर्यंत आहेत.

दिगंबर : हातात काय आहे त्यांच्या?

अस्मिता : डबे, बाबा. सगळ्यांच्या हातात. ते बटाट्याचं सॅलड खालच्या गावचं, ती बटाट्याची पोळी वरच्या गावची. एमा म्हणतेय, पोरगी नवीन आहे, काहीही लिहिते, आपण थोडंच ऐकायचं.

श्यामला : एमा कोण?

अस्मिता : खालच्या गावची जर्मन आजी. आणि ही इन्गा, वरच्या गावची. आई, घोळ झालाय. शौनकनं दोघींनाही आत्या व्हाल का विचारलं होतं. एक तरी येईल म्हणून. दोघीही तयार होऊन आल्यात आणि पाळण्यापासून हलत नाहीत.

श्यामला : मग दोघी होऊ देत. एकीनं उजव्या कानात नाव सांगावं, एकीनं डाव्या. आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते सांगितलंस ना?

अस्मिता : कुणी घालायचे?

श्यामला : एकमेकींना घाला म्हणावं. हं, मी पाळणा म्हणतेय, झोका द्या.

दिगंबर : श्यामला, जरा वरच्या पट्टीत घे. लांब जायचंय आवाजाला.

अस्मिता : झालं. तनया म्हणाल्या दोघी, अगदी बरोबर. अगं, काय हाणतायत. एमा म्हणाली, हा आमच्या कचेरीबद्दल. इन्गा म्हणते, मग हा कपाटं जड होती म्हणून. सगळा हॉल हसतोय.

श्यामला : आणि ते मागे पुरुष काय करतायत?

अस्मिता : टेबलं जोडतायत. आई, एकच टेबल करतायत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जिंकलो आपण.

श्यामला : अहो, पाहताय ना?

दिगंबर : पाहतोय.

अस्मिता : बाबा, काहीतरी बोला ना.

दिगंबर : त्या दोघींना सांग, पुण्यात आल्या की उतरायला आपल्याकडेच. आणि जेवूनच जायचं.