ईदपर्यंतची पट्टी

रोह्यातल्या लाइटच्या दुकानात अंबरीश नुसत्या एका बल्बसाठी ताटकळला होता. पुढे इशरतवहिनी नवऱ्याशी फोनवर बोलायच्या कोपऱ्याला लावायला दुकानदार मोरोकाकांकडे एलईडी पट्टी बघत होत्या.

"पांढरी देऊ?"

"पांढऱ्यात मी आजारी दिसते. वासिफ कुवेतवरनं व्हिडिओ कॉलवर औषधं सांगत बसतो."

"मग रिमोटवाली? सोळा रंग हायत."

"नको. पोरांनी हिरवा लावला, तर त्याला वाटलं दर्ग्यातनं बोलतेय."

"ही पिवळसर घ्या. चेहरा खुलतो, फोनवर रेघा येत नायत. दोन वर्षं टिकंल."

"एवढी टिकाऊ नको, काका. वासिफ ईदला यायचाय. तोवर चालणारी द्या."

"गेल्या वर्षीपण ईदपर्यंतचीच नेलीत, वहिनी."

"व्हय. ती बरोबर ईदलाच बंद पडली. पट्टीनं शब्द पाळला, काका."