मंदाची पुरणपोळी डॉट कॉम

अगं, माझं शहाणपण ऐक. इथे कॅनडात पुरणपोळीच्या ऑर्डर्ससाठी वेबसाइट करायची, म्हणून वेबसाइटची नावं विकणाऱ्या एका कंपनीच्या साइटवर नाव सर्च केलं, ‘मंदाची पुरणपोळी’. अव्हेलेबल होतं! पण मला मेलीला पाडव्याचा मुहूर्त हवा होता. पाडव्याला बघते तर नाव गेलेलं! लावला त्या कंपनीला फोन.

“सॉरी मॅम, कोणीतरी घेतलं. हवं तर आम्ही ओनरशी बोलून प्राइस ठरवतो.”

“अहो, अख्ख्या कोक्विटलाम शहरात पुरणपोळ्या करणारी मंदा मी एकटीच! कोण हा ओनर?”

“आमचीच दुसरी कंपनी, मॅम.”

म्हणजे मी सर्च केल्यावर ह्यांनीच उचललं! असली तिडीक गेली डोक्यात. म्हटलं, “माझं नाव मलाच विकताय? मग आता पुरणही तुम्हीच वाटा. संध्याकाळी माझी गिऱ्हाइकं तुमच्याच दारात पाठवते!”