जुलैत घेतलेलं घर

...आणि वर मला म्हणतो काय, "स्वेटर घाला!" अहो, स्वेटर घाला? मी घर घेतलंय की मेंढी?

तुम्हाला सांगतो, ऑक्टोबरची अकरा तारीख, हार्त्सच्या डोंगरावरून पहिलं धुकं खाली उतरलेलं, मी तळघरात गेलो, घर तापवायच्या बॉयलरचं बटण दाबलं, तो घुर्रघुर्र करून सुरू झाला, मी वर आलो, भिंतीवरच्या हीटरला हात लावला... गार. म्हटलं, जुनं यंत्र आहे, घेईल जरा वेळ. कॉफी प्यालो. गार. जेवलो. गार! शेवटी कुल्मानसाहेबांना फोन लावला. हे कुल्मान म्हणजे ज्यांनी आम्हाला घर विकलं ते, आता चर्चजवळच्या नव्या इमारतीत राहतात, तिथं म्हणे फरशीच तापते, घरभर अनवाणी फिरतात! तर ते म्हणाले, "जुनं घर आहे हो, हेर टीडगे. स्वेटर घाला." हेर म्हणजे आमच्या जर्मनीतलं ‘श्रीयुत’.

आता तुम्ही म्हणाल, टीडगे, घर घेताना तपासलं नाहीस? मी? मी नाही तपासलं? अडतीस वर्षं वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होतो मी! माझ्या गाडीचा आवाज आला की अर्ध्या जिल्ह्यातले खाटीक तराजूवरचा अंगठा काढायचे! खिडक्यांच्या कट्ट्यांवर लेव्हल ठेवून पाहिली. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, चढताना एकदा आणि उतरताना एकदा, कारण चढताना माणसाला दम लागतो आणि आकडा चुकतो. नळ उघडले, गरम पाणी आलं, चटका बसला, चटक्याची वेळसुद्धा लिहून ठेवली. कागद आहे माझ्याकडे! फक्त एक झालं, महिना होता जुलै. बाहेर चौतीस डिग्री, कुल्मान हाफ पँटमध्ये, समोर चेरीचा केक, अंगाची नुसती लाही लाही... अशा वेळी "जरा घरातले हीटर लावून दाखवता का?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय? त्याला घर नाही दाखवत, डॉक्टर दाखवतात.

बरं, माझं एक वेळ ठीक. मी गारठलो तर गारठलो. पण रोस्विता! रोस्विता म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली, तिसरा मजला, प्रत्येक खोलीत हीटर, कधी कुरकुर नाही. घराचा ध्यास माझा. बाग माझी, सफरचंदाचं झाड माझं, तळघरात फायलींचं कपाट, तेही माझंच. ती फक्त एवढंच म्हणाली होती, "अरे फोल्कमार, माझे गुडघे थंडीत धरतात, ते तेवढं बघ." आणि मी तिला शब्द दिला होता. तुझे पाय कधी गार पडणार नाहीत, म्हणालो. असल्या शब्दाचा कागद नसतो ना, तीच तर पंचाईत! कागद असता तर माणूस काहीतरी पळवाट शोधतो.

आणि ती भांडेल तर शपथ! काही बोलेचना. बैठकीत ती हिरव्या टाइल्सची जुनी शेगडी आहे, माणसाएवढी उंच, पोटात लाकडं घालायची, तिला लागून दोघांपुरता बाक. तिथं बसून आपली विणतेय. मी विचारायचो, "थंडी वाजते का गं?" ती म्हणायची, "नाही." आता बायकोचं ‘नाही’ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? त्यात ब्रेमेनला तिची बहीण, गुडरून. पूर्वी रविवारी फोन यायचा, आता रोज! आणि ही फोन घेऊन जिन्यात जायची, कोट घालून, हळू आवाजात बोलायची. म्हटलं, गेली ही. पहिला बर्फ पडला की ब्रेमेन! आणि मी या एवढ्या घरात एकटा, जिन्याच्या सतरा पायऱ्या मोजत.

मग गेलो वकिलाकडे. डॉक्टर श्ट्रेले, म्हणजे कायद्यातले डॉक्टर. विद्वान माणूस, पण एक सवय आहे त्यांना. काहीही विचारा, सुरुवात ‘तत्त्वतः’नं.

मी म्हटलं, "केस होते का?"

"तत्त्वतः, होते."

"म्हणजे बॉयलर बदलून मिळेल?"

"तत्त्वतः."

"म्हणजे मिळेल ना?"

"नाही."

मग नाकावरचा चष्मा पुसत मला कायदा समजावला. जुनं घर आपण ‘पाहिलं तसं घेतलं’ असं करारात असतं, त्यामुळे नंतर कुरकुर चालत नाही. पण! विकणाऱ्याला दोष ठाऊक असेल आणि त्यानं तो मुद्दाम दडवला असेल, तर ते कलम त्याच्या कामाचं नाही. मग दुरुस्ती मागा, भरपाई मागा, अगदी घर परत द्या. "फक्त सिद्ध तुम्ही करायचं, हेर टीडगे, की त्यांना ठाऊक होतं. आणि हो, तोवर बॉयलरला हात लावायचा नाही. दुरुस्त केलात की पुरावा गेला." म्हणजे बघा, न्याय हवा तर गारठा! मी म्हटलं, चालेल. त्यांनी विचारलं, करारात बॉयलरबद्दल आणखी काही आहे का? मी म्हटलं, छे! नोटरीनं नियमाप्रमाणे अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवलाय, मी समोर बसून ऐकलाय, शब्द न् शब्द. वकील तासावर पैसे लावतो, म्हणून कामाची तेवढी दोन पानं नीट झेरॉक्स करून, भोकं पाडून, फाइलला लावूनच नेली होती. कागद आहे माझ्याकडे, म्हटलं, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका.

पण सिद्ध कसं करायचं? कुल्मानच्या डोक्यात शिरून बघायचं? चार दिवस मला झोप नाही, जेवण नाही... म्हणजे जेवण होतं, पण चव नाही. आणि पाचव्या दिवशी दारात कोण उभं? ओल्डेकोपबाई! आमच्या भागातलं धुराडी साफ करणारं आणि बॉयलर तपासणारं माणूस म्हणजे ही बाई, तिशीची असेल, काळा पोशाख, खांद्यावर ब्रश, छातीवर सोनेरी बटणांची रांग. आता धुराडंवाला दिसला की त्याच्या बटणाला हात लावायचा, नशीब उघडतं, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. बाईंना आधी विचारलं, त्या हसून म्हणाल्या, "लावा." मी लावला. जरा जास्तच वेळ लावला. तिनंच सांगितलं शेवटी, "हेर टीडगे, बटण सोडा, मला धुराडं बघायचंय."

तळघरात गेली आणि खालूनच ओरडली, "अजून हाच आहे?"

मी म्हटलं, "हाच म्हणजे?"

"हाच बॉयलर! अहो, दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिलं होतं कुल्मानना! आतून तडा गेलाय. नळाला गरम पाणी देईल, घर तापवायची ताकद नाही, बदलून टाका. माझ्या सहीनिशी दिलंय. त्यांची सही घेतलीय."

तुम्हाला सांगतो, त्या तळघरात मी नाचलो! पासष्टाव्या वर्षी! बाई ब्रश सावरत भिंतीला चिकटून उभी. कुल्मानला ठाऊक होतं! दोन वर्षं ठाऊक होतं! चेरीचा केक खिलवत होता लबाड! संध्याकाळी बाईंनी प्रत पाठवली. मी ती हातात धरून रोस्वितासमोर उभा राहिलो, म्हटलं, कागद आहे माझ्याकडे! तिनं वाचला, चष्मा काढला, म्हणाली, "छान." आणि पुन्हा सुया सुरू. छान? एवढंच? मला वाटलं, हिच्या मनानं बॅग भरलेली दिसतेय.

श्ट्रेलेसाहेबांनी पत्र धाडलं, असं कडक पत्र की मलाच वाचताना घाम फुटला. चौदा दिवसांची मुदत, नाहीतर कोर्ट. सहाव्या दिवशी कुल्मानचं उत्तर. एक ओळ! "कृपया कराराचं पान चौदा वाचावं."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. "पान चौदा कुठंय?" म्हणाले. मी म्हटलं, घरी आहे. घरी गेलो, रोस्वितानं कोट चढवला, म्हणाली, "मी येते बरोबर." आलो परत. श्ट्रेलेसाहेबांनी पान काढलं, चष्मा पुसला, आणि वाचायला लागले, सावकाश, एकेक शब्द: "विकणारा असे नमूद करतो की, बॉयलरला तडा असून तो घर तापवण्यास अपुरा आहे, तशी धुराडे निरीक्षकांची लेखी सूचना आहे, ही बाब घेणाऱ्यास सांगितली असून ती घेणाऱ्यास मान्य आहे."

मान्य आहे! खाली सही! कोणाची? फोल्कमार टीडगे! कशी वळणदार, गोल, सुंदर सही!

अहो, पण तुम्ही त्या नोटरीला ऐकलंय का? सत्तावीस पानं! तो माणूस वाचत नाही हो, सुटतो! "कलमसातपोटकलमतीननुसारविकणाराअसेनमूदकरतोकी..." श्वास घेतो तो फक्त पान उलटताना. बाहेर जुलै, आत पंखा नाही, समोर कुल्मान घाम पुसतोय, शेजारी रोस्विता, आणि मी? मी सफरचंदाच्या झाडाखाली बाकडं कुठं ठेवायचं याचा विचार करतोय आणि दर पानाला मान हलवतोय. न हलवून करता काय? सगळे हलवतात! मध्येच "थांबा, परत वाचा" म्हणायचं म्हणजे शोभा! शेवटी त्यानं विचारलं, "काही शंका?" मी म्हटलं, "अगदी स्पष्ट आहे सगळं!" आणि घरी आल्यावर पंच केलं, लेबल लावलं, कपाटात ठेवलं. एकदा ऐकलेलं परत कशाला वाचायचं? अडतीस वर्षं लोकांना सांगत आलो, सही करण्याआधी वाचा, वाचा, वाचा...

मी श्ट्रेलेसाहेबांना म्हटलं, "आता काही होऊ शकतं?"

"तत्त्वतः," म्हणाले आणि पान माझ्यापुढे सरकवलं. आणि मग तोच शब्द गिळून म्हणाले, "नाही. दडवलं असतं तर लढलो असतो. त्यांनी तर छापून दिलंय."

परतताना गाडी मीच चालवत होतो. अहो, डोळ्यांत पाणी होतं माझ्या, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "रोस्विता, चुकलो. तू जा ब्रेमेनला. मी घर विकतो. पुन्हा फ्लॅट बघू."

ती म्हणाली, "मी कशाला जाऊ ब्रेमेनला? आणि पान चौदा मला ठाऊक होतं की."

मी गाडी रस्त्याच्या कडेलाच घेतली. "ठाऊक होतं?"

"मी ऐकत होते. कुणीतरी ऐकायला नको? तू मान हलवलीस, मला वाटलं, ऐकलंस."

"अगं, मग गारठलेलं घर घेतोय म्हणून मला अडवलं का नाहीस?"

तर म्हणते कशी, "त्या फ्लॅटमध्ये खोलीखोलीत हीटर होता ना, फोल्कमार. तू तुझ्या फायलींच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. एकतीस वर्षं जेवायला भेटायचो, स्टेशनवर भेटल्यासारखे. नोटरीनं ते पान वाचलं तेव्हा मी म्हटलं, बघा, म्हातारपणी का होईना सुचलं याला! एकाच खोलीत ऊब, बाक एक. मला वाटलं, तू त्या शेगडीसाठीच घेतोयस घर. नंतर बॉयलरसाठी धावाधाव सुरू केलीस तेव्हा कळलं, तुला कुठलं सुचतंय! पण म्हटलं, धावू दे, संध्याकाळी बाकावर तर येतोय ना. आणि माझे पाय? गेले पाच आठवडे एकदाही गार पडले नाहीत. तू तुझेच हीटर चाचपत होतास रे, माझे पाय नाही बघितलेस."

"आणि ते गुडरूनचे फोन? जिन्यात?"

"मग काय तुझ्यासमोर सांगू, की नवरा रोज माझ्या शेजारी बसतो? लाज नाही वाटत?"

गाडीत मी तिच्या पावलाला हात लावून पाहिला. गरम होतं हो. पावासारखं गरम. मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि मी आपला बायकोचा बूट काढून बसलोय.

मग मी निवांत झालो. खरंच सांगतो, एवढा निवांत मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हतो. कुल्मानना सफरचंदांची टोपली नेऊन दिली, माफी मागितली, त्यांनी दारातूनच पाय वर करून दाखवला, अनवाणी! बॉयलरवाल्या मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले, कामं तुंबलीत, पण ओळखीखातर डिसेंबरात बसवून देतो. मी म्हटलं, छे छे, डिसेंबर कशाला? आणि लेखी कळवलं, सहीनिशी: "एप्रिलमध्ये यावे. घाई नाही." आणि आम्ही दोघं बाकावर. ती विणतेय, मी फाइल चाळतोय, लाकडं तडतडतायत, भाजलेल्या सफरचंदांचा वास... सुख सुख म्हणतात ते हेच, म्हटलं.

आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दारात कोण? गुडरून! दोन बॅगा! बहिणीनं फोनवर बाकाची एवढी तारीफ केली होती ना, बघायलाच आली. बाकावर जागा दोघींची! म्हणजे दोघांची होती, ती दोघींची झाली. दोघी बसतात शेगडीला पाठ लावून, विणत, हसत, आणि मी समोर स्टुलावर, पुढून भाजतोय, मागून गोठतोय! आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेवटी हळूच रोस्विताला विचारलं, "ही जाणार कधी?"

"थंडीत कुठं पाठवतोस तिला? वरची खोली तापली की बाक सोडून तिथं बसेल निवांत, मग घरी जाईल सावकाश. बॉयलर बसू दे."

धावत जाऊन मिस्त्रींना फोन लावला. म्हटलं, आज या, उद्या या, पण या! ते शांतपणे म्हणाले, "हेर टीडगे, डिसेंबरची तारीख दुसऱ्याला दिली. तुम्हीच लिहून दिलंत ना, एप्रिल, घाई नाही? कागद आहे माझ्याकडे."