पॅकहाउसमधला साप आणि मी

मी बेडूक आणि सापांच्या जनुकांवर संशोधन करतो, हे माझ्या सासरी "जावई साप पकडतात" असं पोहोचलंय, त्याला मी तरी काय करू? परवा पिंपळगावहून मेहुण्याचा, संजयचा, फोन आला. "दाजी, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये साप निघालाय. पॅकिंगच्या बाया आत जायला तयार नाहीत अन् माल न्यायला कंटेनर दारात उभा हाय. लगेच निघा."

आता माझ्याकडे साप येतो तो बाटलीत, नखाएवढा तुकडा होऊन. जिवंत सापाला मी कधी हात लावलेला नाही. पण सासरी हे कबूल कोण करणार? नाशिकहून स्कूटरवर गेलो.

आत पाऊल टाकलं, क्रेटांमागे शेपटी वळवळली आणि मी थेट वजनकाट्यावर चढलो. दारात उभ्या बायकांना माझी भीती तर दिसलीच, वजनही दिसलं.

साप मात्र माझ्याकडे ढुंकूनही न बघता मोरीच्या भोकातून शेतात निघून गेला. क्रेटला त्याची कात तेवढी अडकलेली राहिली.

एका मावशींनी विचारलं, "इखारी व्हता का वो? तेवढं सांगा, मंग लागतो कामाला."

अखेर माझ्या विषयातला प्रश्न आला! मी खाली उतरलो, कात उचलली आणि ऐटीत म्हणालो, "हिच्यातून डीएनए काढतो. महिन्याभरात नक्की सांगतो."

संजयनं हात जोडले. "दाजी, तोवर या द्राक्षांचे बेदाणे होतील."