न चाललेल्या गाडीचा भाव

शार्दूल : केसांच्या पिना.

रखमाजी : घुंगरू. ह्ये आमच्या गोंद्या बैलाचं.

शार्दूल : लहान मुलाचा बूट. एकच.

रखमाजी : चिक्कीचा कागुद.

शार्दूल : उन्हाचा चष्मा, काडी तुटलेली.

रखमाजी : उशी.

शार्दूल : कसली उशी?

रखमाजी : बुडाखाली घ्यायची. पार पापड झालाय तिचा. डायवरच्या शिटावरची.

शार्दूल : काकांची पाठ दुखायची, त्यांची असेल. टाका सगळं त्या पिशवीत. काकू, गाडी आतून एकदम मोकळी पाहिजे. फोटोत माणूस बसल्याची खूण नको.

आसावरी : माणूस बसल्याची?

शार्दूल : वापरल्याची गं. दुपारी क्लायंट व्हिडिओवर बघणार आहे. तू नको उभी राहूस, गुडघा धरेल. आत जाऊन चहा टाक ना आम्हाला.

आसावरी : चहा केव्हाच आणून ठेवलाय, तुझ्या कोपराजवळ निवतोय. रखमाजी, उशी पिशवीत नाही. इकडे द्या.

शार्दूल : एक मिनिट. रखमाभाऊ, जरा तो दिवा धरा. ह्या बॉनेटचा रंग असा का दिसतोय?

रखमाजी : बॉनेट न्हाई ते दादा, डिकी. हिचं इंजन मागं अन् डिकी म्होरं. उलट्या काळजाची गाडी.

शार्दूल : मला माहितीय. रंग असा का दिसतोय?

रखमाजी : दिसणारच की. नवा हाय.

शार्दूल : नवा म्हणजे?

रखमाजी : मारून घेतला. बाई गुडघा दावायला तळेगावला लेकीकडं ऱ्हायल्या व्हत्या ना, बंगल्याची राखण माज्याकडंच, तवा कामशेतवरनं गडी बोलवला. टेंपो रंगवतो त्यो. खडी लागून लागून लय टवकं उडालं व्हतं. समदं बुजवलं, घासलं, मंग हिरवा मारला. तसाच हिरवा शोधाया त्याचा एक दीस गेला.

शार्दूल : कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

रखमाजी : सांगाया कशाला लागतंय? बैल बाजारात न्यायचा म्हणलं की आदी शिंगं साळायची, हिंगूळ लावायचा, अंग धुवायचं. मळका बैल दाव्याला धरून कोण नेतं व्हय? सायेब गेलं, आता त्यांची गाडी परक्याच्या दारात जाणार. टवक्यानिशी नको जायला, म्हणलं.

शार्दूल : काकू, तुला हे माहीत होतं?

आसावरी : परत आल्यावर पाहिलं. बरा दिलाय की.

शार्दूल : बरा? तेहतीस वर्षं ह्या गाडीवर जर्मनीतल्या कारखान्याचा रंग होता. जसाच्या तसा. मी जाहिरातीत पहिल्या ओळीत तेच टाकलंय, मूळ रंग. आणि तुम्ही त्याच्यावर टेंपोचा हिरवा फासलात.

रखमाजी : फासला न्हाई दादा. दोन हात दिलं.

शार्दूल : त्या टवक्यांसकट पाव किंमत जास्त आली असती, कळतंय का तुम्हाला?

रखमाजी : फुटका रंग महाग आन् नवा स्वस्त? ह्यो कुटला बाजार म्हणायचा?

शार्दूल : असाच असतो. नवा रंग बघितला की घेणाऱ्याला वाटतं, गाडी कुठेतरी ठोकलीय आणि खाली काहीतरी लपवलंय. मूळ रंग एकदाच असतो, पुन्हा आणता येत नाही.

आसावरी : त्यांच्यावर आवाज चढवू नकोस. चुकलं असेल, पण प्रेमानं चुकलंय.

शार्दूल : प्रेमाला भाव नाही काकू. बरं, आता मी ह्या माणसाला काय सांगू? दीड महिना लागला मला त्याला पटवायला.

आसावरी : आधी मला सांग, तो माणूस आहे कोण. मी विचारलं की तू 'मोठी पार्टी आहे' म्हणतोस. मी तुला एकच अट घातली होती. माझं ऑपरेशन झालं की हा क्लच दाबायला पाय उरणार नाही, म्हणून चालवणारा माणूस बघ. चालवतो ना तो?

शार्दूल : त्याच्याकडे एकतीस गाड्या आहेत.

आसावरी : मी ते विचारलं नाही.

शार्दूल : हॉल बांधलाय त्याने. वर्षभर एकवीस डिग्री, दमट हवा आत येत नाही. चाकांवर भार नको म्हणून गाड्या उचलून ठेवतात. हिला तिथे गंजाचा ठिपका येणार नाही. इथे लोणावळ्यात चार महिने भिंतीला बुरशी येते, तुला माहितीय.

आसावरी : चालवतो का?

शार्दूल : नाही.

आसावरी : मग काय करतो?

शार्दूल : ठेवतो. किंमत वाढली की विकतो. चिडू नकोस, नीट ऐक. आता येणारी प्रत्येक गाडी बॅटरीवर, गिअर आपोआप. त्यामुळे हाताने गिअर टाकायच्या, हवेवर इंजिन थंड होणाऱ्या ह्या शेवटच्या गाड्या. पुन्हा होणार नाहीत. वीस वर्षांपूर्वी कोणी ढुंकून बघत नव्हतं, मग भाव असा चढला की लोक वेडे झाले. गेल्या दोनेक वर्षांत जरा उतार लागलाय. आता टिकून आहेत त्या फक्त न चाललेल्या. मूळ रंग, मूळ इंजिन, कमी किलोमीटर. आणि आपली? एक लाख बारा हजार. काकांनी एवढी का पळवली, देव जाणे.

रखमाजी : म्हंजी जेवढी पळली तेवढी हलकी?

शार्दूल : हो.

रखमाजी : आन् जागंवर हुबी ऱ्हायली तर भारी?

शार्दूल : हो, रखमाभाऊ.

रखमाजी : तुमचं डोकं जाग्यावर हाय का दादा? आमचा गोंद्या शर्यतीच्या घाटात पयली बारी जितला, तवा सुदुंबऱ्याचा माणूस जाग्यावरच इसार द्यायला निघाला. बैल पळतो, म्हून त्याला भाव. मंग शर्यतीला बंदी आली. सात वर्सं गोंद्या गोठ्यात हुबा. खायला तेवढंच, पर कोण विचारंना. फुकट घ्या म्हणलं तरी वास घेऊन माघारी जायची लोकं. न पळणाऱ्या बैलाला पैसं देणारा तुमचा ह्यो शाणा तवा कुटं गेलता?

शार्दूल : बैल आणि गाडी वेगळं आहे.

रखमाजी : व्हय, बैल तरी शेण देतो.

आसावरी : म्हणजे शार्दूल, मी समजले ते बरोबर आहे का बघ. दुधिवऱ्याची खिंड, पवनेचा तो वळणांचा रस्ता, पहाटे धुक्यात दिवे लावून कान्हे फाट्यापर्यंत जाऊन येणं, हे सगळं ह्या गाडीचं नुकसान आहे. आम्ही जगलो ते सगळं वजा करायचं, आणि उरेल ते मोल.

शार्दूल : तू फार मनाला लावून घेतेस. हा बाजार आहे.

आसावरी : बाजाराला कोणीतरी कधी विचारलं पाहिजे ना, की बाबा, अक्कल कुठे ठेवलीस.

शार्दूल : ठीक आहे. मला शिव्या दे, पण वेळ कमी आहे. रंग गेला, किलोमीटर जास्त. आता भाव सावरणारी एकच गोष्ट आहे आपल्याकडे, गाडीची कथा. असल्या लोकांना ती लागते. पहिल्या दिवसापासून एकच मालक. इंग्लंडमध्ये नोकरी केलेला इंजिनिअर, परतताना गाडी बोटीने आणतो, लोणावळ्यात राहतो, तेहतीस वर्षं दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तू फक्त कॅमेऱ्यासमोर तीन वाक्यं बोल. मी लिहून आणलीत.

आसावरी : वाच.

शार्दूल : 'माझे पती कैलासवासी केशव यांनी ही गाडी स्वतः, अत्यंत जपून चालवली. स्टिअरिंग त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. मी नेहमी शेजारी बसून त्यांच्याकडे बघत राहायचे.' तिसरं वाक्य तर क्लायंटला फार आवडेल.

रखमाजी : हॅ हॅ हॅ.

शार्दूल : काय झालं?

रखमाजी : काय न्हाई. ठसका लागला.

आसावरी : हे तुला कोणी सांगितलं?

शार्दूल : सांगायला कशाला पाहिजे? हॉलमधला तो फोटो आहे की. काका गाडीला टेकून, हातात टोपी. गावात कोणालाही विचार, केशवरावांची गाडी म्हणतात.

आसावरी : म्हणतात. तेहतीस वर्षं म्हणतायत. पेट्रोल भरायला मी काच खाली केली की पंपावरचा मुलगा वाकून पलीकडे केशवला विचारायचा, साहेब, कितीचं टाकू. पैसे माझ्या हातातून घ्यायचा आणि धन्यवाद त्याला द्यायचा.

शार्दूल : म्हणजे?

आसावरी : तो बूट दे.

शार्दूल : कुठला?

आसावरी : पिशवीत टाकलास तो. निळा. हा तुझा आहे. चार वर्षांचा होतास, मे महिन्यात आईनं आमच्याकडे सोडलं होतं. रोज घाटात न्या म्हणून भोकाड पसरायचास. आठवतं?

शार्दूल : आठवतं ना. म्हणून तर मी ह्या धंद्यात आलो. मागून इंजिनचा आवाज यायचा, पोटात गुदगुल्या व्हायच्या. काका मला धरून वर उचलायचे, गिअर बदलला की.

आसावरी : तू कुठे बसायचास?

शार्दूल : काकांच्या मांडीवर. मागे जागाच नव्हती, सगळं सामान भरलेलं असायचं.

आसावरी : काकांच्या मांडीवर. त्यांचे दोन्ही हात तुझ्या पोटावर असायचे.

शार्दूल : हो, घट्ट धरायचे.

आसावरी : मग स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं, शार्दूल?



रखमाजी : च्या घ्या दादा. गार झालाय, पर घ्या.

शार्दूल : बरं. म्हणजे कधीतरी तूही चालवायचीस. छानच आहे. मग आपण वाक्य बदलू. 'बहुतेक वेळा माझे पती चालवत.' असं चालेल?

आसावरी : बहुतेक वेळा.

शार्दूल : काकू, समजून घे. 'इंजिनिअर साहेबांची गाडी' ह्याला वजन आहे. 'शाळेत शिकवणाऱ्या काकू चालवायच्या' म्हटलं की समोरचा लगेच क्लच तपासायला सांगेल. मी नाही म्हणत, बाजार म्हणतो.

आसावरी : एक लाख बारा हजार किलोमीटर त्याच क्लचवर झालेत. मूळ क्लच आहे. हे घाल तुझ्या पहिल्या ओळीत. रंग मूळ नाही, क्लच मूळ आहे.

रखमाजी : बाईंचा पाय हलका. म्या बघितलंय. आमच्या गोंद्याची शेवटची बारी बघायला दोगं आलं व्हतं. चिखलात समद्यांच्या जीपा रुतल्या, ही हिरवी तेवढी सरळ निघाली. सायेब खिडकीतनं हात काढून टाळ्या वाजवत व्हतं. तवाच म्या ह्ये घुंगरू हितं आरशाला बांधलं. जितल्यालं घुंगरू जितणाऱ्याला.

शार्दूल : तुम्ही हे आधी का नाही बोललात?

रखमाजी : तुमी इच्यारलं कवा? मगाधरनं रंगावरनंच भांडताय.

(आसावरी उशी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवते आणि बसते. इंजिन सुरू होतं, गॅरेजच्या पत्र्यावर आवाज थरथरत राहतो. मग बंद.)

शार्दूल : थंड असताना अशी एका फटक्यात उचलत नाहीत ह्या गाड्या. पहिल्यांदा बघतोय.

आसावरी : दोनदा पेडल, मग अर्धा श्वास, मग किल्ली. तुझ्या त्या एकवीस डिग्रीतल्या माणसाला हे कळणार कसं? तो किल्ली कुठे ठेवतो?

शार्दूल : काचेच्या पेटीत.

आसावरी : मग त्याला नाही सांगून टाक.

शार्दूल : काकू, मी शब्द दिलाय. ह्या धंद्यात पंचवीस माणसं आहेत सगळी मिळून, एकाला नाही म्हटलं की सगळ्यांना कळतं. आणि चालवणारा एवढे पैसे कधीच देत नाही.

आसावरी : कमी देऊ दे. तुझं कमिशन कमी होईल त्याबद्दल मी तुला आंबेमोहोर देईन पोतंभर. आणि शब्द मलाही दिला होतास. त्याचा बाजारभाव काय?

शार्दूल : तसं नाही गं.

आसावरी : तसंच आहे. केशव जाऊन दीड वर्ष झालं. सगळे येतात आणि म्हणतात, आता गाडी नुसती पडून असेल ना. अरे, परवा पहाटेच पवनेला जाऊन आलेय मी. रस्त्यात दूधवाला हात करतो, तोसुद्धा रिकाम्या सीटकडे बघून.

रखमाजी : त्यो जरा चकणाच हाय बाई.

आसावरी : तुम्ही गप्प बसा. तुमच्याशी त्या रंगाबद्दल बोलायचंय मला नंतर.

रखमाजी : मगाशी तर बरा म्हणला.

आसावरी : मगाशी तुमची बाजू घ्यायची होती. खडीचा एकेक टवका मला ठाऊक होता, कुठल्या वळणावरचा ते.

रखमाजी : मंग घासून काढू का?

शार्दूल : हात लावू नका रखमाभाऊ. कृपा करा.

आसावरी : शार्दूल, मोबाईल काढ. ती जाहिरात पुसून टाक आणि मी सांगते तशी लिही.

शार्दूल : व्हिडिओ?

आसावरी : व्हिडिओ नाही. लिही. हिरवी, दोन सीटची.

शार्दूल : हं.

आसावरी : पुढची डिकी कामशेतला रंगवलेली, टेंपोच्या हिरव्यानं.

शार्दूल : हे लिहायलाच हवं?

आसावरी : लिही. आरशाला घुंगरू आहे, रखमाजी परत बांधतायत, ते काढायचं नाही. क्लच मूळ. ज्याला घ्यायची असेल त्यानं लोणावळ्याला यावं, माझ्याबरोबर दुधिवऱ्याच्या खिंडीतून पवनेपर्यंत जावं, येताना स्वतः चालवत आणावी. मग भाव बोलू.

रखमाजी : आस्सं. बैल घेणारा आदी पळवून बघतोच की.

शार्दूल : लिहिलं. मालकाचं नाव काय टाकू? कागदावर काकाच आहेत.

आसावरी : कागदावरचं राहू दे. चालवणारी आसावरी, वय अडुसष्ट.

शार्दूल : आणि काकांचं काहीच नाही? एक ओळ तरी असू दे, काकू. माझ्यासाठी.

आसावरी : टाक. केशवचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. त्याच्याकडे कधीच लायसन्स नव्हतं.